इदवलचा नकाशा

सायकल जुनी. त्रेगारॉनच्या मेरेरिदकडून घेतली,
एकशे साठ पौंडांना, कोठारातल्या मेंढ्यांच्या वासासकट.
'नवऱ्याची होती,' ती म्हणाली, आणि 'होती'पाशी जरा थांबली,
उतार लागण्याआधी ब्रेक दाबून बघावा तशी.
सीटच्या दांड्यावर खिळ्यानं ओढलेला चरा :
इदवलची उंची.
मी सीट तीन बोटं खाली घेतली.
चरा नळीत बुडाला.

मधल्या पिशवीत नकाशा, घड्यांवर विरलेला,
त्यावर बारीक पेन्सिलीनं वेल्श.
मेरेरिदनं चष्मा पुसून एकेक वाचून दाखवलं.
इथे पाणी. इथे कुत्रा, पण बांधलेला.
हे फाटक पावसात फुगतं, खांद्यानं ढकल.
मग एक नुसतं टिंब, डोंगराच्या पोटात,
ना वाट ना वस्ती.
'हे त्याचं त्याला माहीत.'

अॅबरिस्टविथच्या इस्पितळात मी गोळ्या मोजते.
शनिवारी रात्रपाळी उतरले आणि झोपेऐवजी निघाले.

डांबर संपलं, तसे टायर बोलू लागले.

माझे वडील बांधकाम खात्यात मुकादम.
खडीच्या ढिगाभोवती टेप धरून फिरायचे, ब्रास काढायचे,
ठेकेदाराशी भांडून घरी यायचे, घसा बसलेला.
चपलेखाली वाजते त्यावरून सांगायचे :
ही बाराची, ही विसाची,
आणि हीत माती घातलीय हरामखोरानं.
इथली खडी मी त्यांच्या कानानं ऐकत होते.
स्लेटची, चपटी, कडांना धार,
चाकाखाली कुणी पितळी घासत बसल्यासारखी.
बाबा, चाळीस एमएम सांगितलीय, आहे साठची.
बिल अडवा.

सैतानाचा जिना म्हणतात त्या चढाला.
अर्ध्यात उतरले, ढकलत नेली.
लाजायला कुणी नव्हतं.
एक मेंढी होती, तिनं रवंथ थांबवला.

पुढे मैलोन् मैल तेच :
लागवडीचे देवदार, तोडलेले देवदार,
करड्या गवतावरून ढगाची सावली,
एका घराची फक्त चूल उभी.
दोन ओढे सायकल खांद्यावर घेऊन ओलांडले.
दुसऱ्यात मोजा गेला.
दोन तासांत माणूस एक,
तोही क्वाड बाइकवर, दूर, पाठमोरा.

टिंब सापडलं तेव्हा पावणेदोन झाले होते.
काही नव्हतं तिथं.
एक पडकी कुंपणभिंत, तिच्यावर टेकता येईलसा दगड,
दगडावर शेवाळ नाही, एवढंच.
टेकले. केळं खाल्लं. इदवलवर थोडी चिडलेही.

आणि खिशात फोन थरथरला.
एक दांडी. मग दुसरी.
सकाळपासूनचे सगळे निरोप एकदम,
भावाचा, बँकेचा, वॉर्डातून कुणी आजारी पडल्याचा.

मेरेरिदला लावला. म्हटलं, टिंबावर आहे. इथे रेंज येते.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, 'दर शनिवारी दुपारी फोन यायचा.
उशीर होईल म्हणायचा, पलीकडे कसला आवाज नाही.
एकवीस वर्षं मी समजत होते,
बसलाय कुठल्यातरी पबाच्या मागच्या खोलीत.'
मग, 'वारा आहे का गं तिथं?'

मी फोन वर धरला, हात लांब करून,
बॅटरी संपेपर्यंत.

पेन्सिल नव्हती. औषधांच्या चिठ्ठ्यांचं पेन होतं.
टिंबाशेजारी मराठीत लिहिलं :
इथे रेंज. दगड कोरडा.
खाली उतरताना जपून, खडी साठची आहे.